लॉइडच्या छातीतली जास्तीची वायर

माझा नवरा लॉइड हॅनराटी घोड्यांच्या शर्यतींचं समालोचन करतो. ख्राइस्टचर्चच्या घाटापलीकडे, वेस्ट कोस्टवरच्या गावांमधून उन्हाळ्यात ज्या शर्यती भरतात त्या सगळ्या त्याच्याच असतात. वर्षाचे बाकीचे दिवस तो कौन्सिलच्या पाणीखात्यात फुटलेले पाइप सांधतो, पण कुणी व्यवसाय विचारला तर पाइपाचं नाव काढत नाही. सुरुवातीला तो सावकाश बोलतो, मधल्या टप्प्यात जरा भरभर, आणि शेवटच्या वळणानंतर त्याच्या तोंडून जे काही बाहेर पडतं ते देवालाही कळत नसावं. पण लोकांच्या अंगावर काटा येतो. माझ्याही यायचा. लग्न त्याच काट्यापायी केलं मी.

मागच्या ईस्टरच्या शर्यतीत त्याचा आवाज ऐन शेवटच्या वळणावर बंद पडला. लोकांना वाटलं भोंगा गेला. घोडे मुकाट्याने धावत आले, मुकाट्याने संपले, आणि ओरडायचं की नाही हे न कळल्यामुळे सगळं मैदान तोंड उघडं ठेवून उभं राहिलं. मग भोंग्यातून बारीक आवाज आला, "मॉइरा, जरा वर ये."

गावभर ऐकू गेलं ते. मी लाकडी मनोऱ्याच्या पायऱ्या चढून वर गेले, तर हा बिअरच्या बाटल्यांच्या बर्फात कानापर्यंत डोकं घालून बसलेला.

"हे काय चाललंय?"

"गॅस," तो बर्फातूनच म्हणाला.

हा गॅस त्याला आमच्या लग्नाच्या आधीपासून होता. अचानक छाती धडधडायला लागायची, गळ्यातली शीर उडायची, आणि मग बटण दाबल्यासारखं एकदम थांबायचं. थंड पाण्यात तोंड बुडवलं की थांबतं हे त्याने स्वतःच शोधून काढलं होतं. इतकी वर्षं मी समजत होते की माणूस स्वच्छ आहे, सारखा तोंड धुतो. या वेळी मात्र बर्फाने काही झालं नाही. अँब्युलन्स आली. ग्रेमाउथच्या दवाखान्यात त्यांनी शिरेत एक इंजेक्शन दिलं आणि आधीच बजावलं, की काही क्षण फार वाईट जातील. ते गेलेही. लॉइडचे डोळे वर गेले, त्याने माझा हात आवळला, आणि छाती ताळ्यावर आली.

"मेलो होतो मी," तो घाम पुसत म्हणाला. "सगळं आयुष्य डोळ्यांसमोरून गेलं."

"मग काय दिसलं?"

"पाइपच जास्त होते गं."

तिथून आम्हाला ख्राइस्टचर्चला पाठवलं, डॉक्टर लोसा फाउमुइना यांच्याकडे. सामोआच्या त्या. खांदे रग्बी खेळणाऱ्यासारखे, आणि हसायच्या तेव्हा टेबलावरचा प्लास्टिकचा हृदयाचा नमुना हलायचा. त्या म्हणाल्या, "हृदयाचे डॉक्टर दोन प्रकारचे असतात, लॉइड. काही नळ दुरुस्त करणारे. मी वायरमन."

मग त्यांनी कागदावर दुमजली घर काढलं. वरच्या मजल्यावरून खालच्या मजल्यावर वीज जायला एकच वायर असते, ती अधिकृत. लॉइडच्या घरात जन्मापासून आणखी एक आहे, चोरून टाकलेली. वीज एका वायरीने खाली उतरते, दुसरीने परत वर चढते, आणि मग नुसती गोल गोल फिरत राहते.

"म्हणजे शर्यत सुरू आहे," लॉइड म्हणाला, "पण शेवटचा खांब कुणी रोवलेलाच नाही."

"अगदी तसंच."

"पण ही वायर टाकली कुणी?"

"तुमच्या आईवडिलांनीच म्हणायची."

"त्यांच्या घरातलं वायरिंगही तसंच होतं," मी म्हणाले. "न्हाणीघरातला दिवा लावला की रेडिओ लागायचा. आणि मला इतकी वर्षं वाटत होतं की याची जास्तीची वायर डोक्यात आहे."

उपाय सरळ होता. अ‍ॅब्लेशन म्हणतात त्याला. जांघेतल्या शिरेतून बारीक नळ्या हृदयापर्यंत न्यायच्या, त्यांच्या टोकांनी आतली वीज ऐकायची, ती चोरटी वायर नेमकी कुठे आहे ते शोधायचं, आणि तेवढाच ठिपका जाळून टाकायचा. डॉक्टरांनी बराच वेळ समजावून सांगितलं. लॉइडला त्यातला एकच शब्द ऐकू आला.

"जांघ? छातीच्या आजाराला जांघ कशाला?"

"रस्ता तिथून सरळ आहे," डॉक्टर म्हणाल्या.

तारीख यायला आमच्याकडचा जानेवारीतला उन्हाळा उजाडला, आणि आली ती नेमकी आमच्या गावच्या कपाच्या दिवसाची. वर्षातली सगळ्यात मोठी शर्यत. लॉइडने तारीख पुढे ढकलायला फोन उचलला, मी तो त्याच्या हातातून काढून घेतला. मी शाळेची बस चालवते. हट्ट करणाऱ्यांना जागेवर बसवायची मला सवय आहे.

"मग कप कोण बोलणार?" त्याने विचारलं.

"कमिटी बघेल."

कमिटीने बघितलं आणि माझ्या धाकट्या भावाला विचारलं.

फर्गसचं खाटकाचं दुकान आहे. दर शुक्रवारी पबमध्ये मटणाची सोडत निघते, तिचे आकडे तोच माइकवर पुकारतो, आणि तेवढ्या बळावर त्याला कित्येक वर्षं वाटत होतं की लॉइडच्या मनोऱ्यात तो जास्त शोभेल. लॉइडचं म्हणणं, फर्गसला घोडा आणि गाय यांतला फरक कळत नाही. हे त्याने एकदा फर्गसच्या तोंडावर सांगितलं तर फर्गस जराही न चिडता म्हणाला, "कापलेलं असलं की कळतो. जनावर उभं असलं की जरा जड जातं." यावर लॉइडने त्याच्याकडून सॉसेज घेणं बंद केलं. मी चोरून आणायची आणि सुपरमार्केटची म्हणून वाढायची. "बघ," लॉइड खाता खाता म्हणायचा, "सॉसेज असं असावं."

कपाच्या आदल्या दिवशी आम्ही घाट चढून ख्राइस्टचर्चला निघालो. गाडी मीच चालवत होते. घाट उतरून वाटेतल्या दुकानात खिमा भरलेले मीट-पाय घ्यायला थांबलो, त्याने अर्धा मीट-पाय खाऊन उरलेला कागदात गुंडाळून ठेवला. हा माणूस आईच्या अंत्यविधीलाही दोन खाऊन आला होता. मी गाडी सुरू केलीच नाही.

"बोल," मी म्हणाले.

"काही नाही."

"लॉइड, जांघेची लाज वाटते का? त्यांना रोज बघायची सवय असते."

"जांघ गेली उडत." तो काचेबाहेर बघत राहिला. "शेवटच्या वळणावर ना, मॉइरा, छाती सुटते. दर वेळी तो झटका येतो असं नाही, पण येईल येईल असं वाटत असतं. आणि जीभ तिच्या मागे पळते. मी काहीच करत नाही. मी फक्त मागे धावतो. आता ती बाई तेच जाळणार. मग माझ्याकडे राहिलं काय? पाइप."

इतक्या वर्षांत हे त्याने कधी बोलून दाखवलं नव्हतं. मला काहीतरी चांगलं बोलायचं होतं. पण आमच्या घरात चांगलं बोलायची फारशी पद्धत नाही.

"तू जिवंत आणि कंटाळवाणा असलास तरी चालेल मला," मी म्हणाले. "तसा तू पाणीखात्यातल्या गोष्टी सांगतोस तेव्हा असतोसच."

तो हसला नाही. पण उरलेला मीट-पाय कागदातून काढून खाल्ला. मी गाडी सुरू केली.

सकाळी इस्पितळात तामाती नावाचा परिचारक वस्तरा घेऊन आला. भला थोरला, हाताचे पंजे फावड्याएवढे. लॉइडने चादर हनुवटीपर्यंत ओढली.

"तुमचा हात बसलेला आहे ना यात?"

"काळजी नको," तामाती म्हणाला. "इथे यायच्या आधी मी मेंढ्या कातरायचो. त्या जास्त हलतात."

लॉइडला आत नेलं. पूर्ण झोपवणार नव्हते, नुसती गुंगी देणार होते, कारण झोपवलं की त्या वायरीही कधी कधी झोपी जातात म्हणे. मी बाहेरच्या खुर्चीत बसले, कानात मोबाइलची वायर घातली आणि गावचा रेडिओ लावला. फर्गसला ऐकायचं नाही असं मी लॉइडला वचन दिलं होतं. पण तो आत होता.

पहिल्या शर्यतीत फर्गस बोलायला उभा राहिला आणि माइक सुरू करायलाच विसरला. दुसरीत त्याने घोड्यांऐवजी जॉकींची नावं घेतली, तीही पहिली नावं, जणू सगळे त्याच्या दुकानात येतात. येतातही म्हणा.

बऱ्याच वेळाने तामाती बाहेर आला. त्याचा चेहरा बघून मी रेडिओचा आवाज बारीक केला.

"काही झालं का?"

"तीच अडचण आहे. काहीच होत नाही." तो माझ्या शेजारी बसला. "नळ्या जागेवर आहेत, सगळी तयारी आहे, पण हृदय ठोका चुकवतच नाही. विजेने डिवचून झालं. छाती पळवायचं औषध देऊन झालं. पळतं, आणि परत शहाण्यासारखं चालायला लागतं. ते बिघडल्याशिवाय ती वायर नेमकी कुठे आहे ते डॉक्टरांना कळणार नाही. त्या विचारतायत, एरवी हे कशाने सुरू होतं?"

मी आठवायला लागले. "बुटाची नाडी बांधायला वाकला की. गरम मीट-पाय घाईघाईने गिळला की. शेवटच्या वळणावर." मग खरं ते सांगून टाकलं. "आणि माझ्या भावाने."

"भाऊ कुठे असतात?"

मी कानातली वायर काढून त्याच्या कानाजवळ धरली. आत फर्गस घोडे सोडून लोकांना सांगत होता, की ज्यांच्या कोकराच्या तंगड्या दुकानात बाजूला काढून ठेवल्या आहेत त्यांनी त्या आजच न्याव्यात. तामातीने थोडा वेळ ऐकलं. मग आत गेला आणि लगेच परत आला.

"डॉक्टर म्हणतात, फोन घेऊन या. तुम्हीही या. कशाला हात लावायचा नाही."

मला एका जाड काचेच्या अलीकडे उभं केलं. पलीकडे लॉइड हिरव्या कापडाखाली पडलेला, वरती मोठं यंत्र आलेलं, फक्त नाक आणि टक्कल दिसत होतं. डॉक्टर त्याच्या उजव्या बाजूला, शिशाचा अंगरखा घालून. भिंतीवरच्या पडद्यांवर रंगीबेरंगी रेघा धावत होत्या, नीटनेटक्या, एका अंतराने. माझ्या बाजूला आत बोलायचा माइक होता. तामातीने माझ्या फोनमधली कानाची वायर काढली आणि फोन माइकसमोर धरला. कपाची शर्यत सुटायच्या बेतात होती.

"आणि सुटले," फर्गसचा आवाज त्या स्वच्छ खोलीत घुमला. "सगळे सुटले. म्हणजे मला वाटतं सगळेच."

हिरवं कापड किंचित हललं.

"हा फर्गस आहे?" लॉइडचा जड आवाज आला.

"हलू नका," डॉक्टर म्हणाल्या.

"पुढे आहे तपकिरी घोडा," फर्गस म्हणाला. "त्याच्या मागे दुसरा. तोही तपकिरी. बाहेरच्या बाजूने येतोय एक, तो जरा गडद तपकिरी."

"नावं," लॉइड म्हणाला. "नावं घे ना, गाढवा."

पडद्यावरच्या रेघा जवळ यायला लागल्या. पण अजून शिस्तीतच होत्या. डॉक्टर मान वर करून बघत होत्या. फर्गसला मग कुणीतरी कागद दिला असावा, कारण तो नावं वाचायला लागला, आणि मधेच थांबून त्याने सांगितलं की मिसेस क्रूडन यांनी आपली गाडी फाटकासमोरून काढावी.

"वेट वीकेंड कुठाय?" लॉइडने विचारलं. "डॉक्टर, आठ घोडे आहेत. याने सातच घेतले. वेट वीकेंड कुठाय?"

"मला कल्पना नाही, लॉइड. तुम्ही शांत पडा. किंवा नका पडू."

"शेवटचं वळण," फर्गस ओरडला, आणि त्याचा आवाज खरंच चढला, माझा भाऊ आहे म्हणून सांगत नाही. "दोघं बरोबरीने, तपकिरी आणि, थांबा, थांबा, मधून एक पांढरा घुसलाय. हा कुठून आला? हा आपल्या शर्यतीतला आहे का?"

त्या क्षणी पडद्यावरच्या रेघा एकमेकींवर चढल्या. शिवणयंत्राची सुई भरधाव सुटावी तशा. तामातीने माझा खांदा धरला, का मी त्याचा, आठवत नाही.

"आला," डॉक्टर म्हणाल्या. आवाज एकदम थंड, कामाचा. "लॉइड, तुमचा नेहमीचा ठोका हाच का?"

"हाच. बंद करा."

"ठोका?"

"फर्गसला."

"नाही. त्यांना बोलू द्या. मला थोडा वेळ लागेल."

पांढरा घोडा जिंकला होता. तो शर्यतीतलाच होता, त्याचंच नाव वेट वीकेंड, आणि त्या आठांत पांढरा तेवढा एकच होता. फर्गस पुढे बोलत राहिला. जिंकलेल्या जॉकीची मुलाखत घेताना त्याने त्याच्या आजीची चौकशी केली. इकडे डॉक्टर दोन बोटांनी नळी एवढीशी फिरवत होत्या, पडद्याकडे बघत, पुन्हा फिरवत. लॉइडचं नाक पांढरं पडलं होतं. मघापर्यंत मला हसू येत होतं, ते कुठे गेलं कळलं नाही. काचेवर माझ्या श्वासाची वाफ साचली, ती मी बाहीने पुसत राहिले.

"सापडली," डॉक्टर म्हणाल्या. "छातीत गरम वाटेल. जाळतेय."

रेघा धावत होत्या, धावत होत्या, आणि थांबल्या. सगळ्या. पडदा सपाट झाला. तेवढ्या अवधीत मी विधवा झाले, काळा कोट शोधला, चर्चमध्ये फर्गसला बोलू द्यायचं नाही असं ठरवलंही. मग एक रेघ उभी राहिली. मग दुसरी. मोजून मापून, कपडे वाळत घातल्यासारख्या.

"गेली," डॉक्टर म्हणाल्या.

मी स्टुलावर बसले. स्टूल तिथे होतं हे माझं नशीब.

मग त्यांनी पुन्हा विजेने डिवचलं, पुन्हा औषध दिलं, आणि खात्री करायला फर्गसची पुढची शर्यत अख्खी ऐकवली. ठोका ढळला नाही. लॉइडने त्याला ज्या शिव्या घातल्या त्या मात्र पूर्वीसारख्याच होत्या. डॉक्टर हातमोजे काढत म्हणाल्या, "वायरचं काम झालं. स्वभावाचं माझ्याकडे नाही."

जांघेवर दाब देऊन त्याला उताणं पडायला लावलं होतं तेव्हा फर्गसचा फोन आला.

"लॉइड, कसा आहेस?"

"तुझ्यामुळे बरा आहे," लॉइड दात खात म्हणाला.

"मी काय केलं?"

लॉइडने फोन माझ्याकडे दिला. मी सगळं सांगितलं, आणि ती माझी चूक झाली. त्यानंतर फर्गस दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा की ख्राइस्टचर्चच्या मोठ्या डॉक्टरांना शेवटी त्यालाच बोलवावं लागलं. छातीत धडधडतं म्हणून दोन म्हाताऱ्या त्याला भेटून गेल्या. त्याने एकीला लिव्हर दिलं.

लॉइड बरा झाला. छाती एकदाही सुटली नाही. पण महिन्याभराने तो पुन्हा मनोऱ्यात उभा राहिला तेव्हा मी खाली, हाताची बोटं एकमेकांत अडकवून उभी होते. सुरुवात छान झाली. मधला टप्पा छान. शेवटचं वळण आलं आणि तो बोलत राहिला, स्पष्ट, एकेक नाव वेगळं, टपाल वाटल्यासारखं. शेजारचा म्हातारा बिल ट्वेड बायकोला म्हणाला, "पहिल्यांदाच कळलं बघ कोण जिंकलं ते." तो कौतुकाने म्हणाला होता.

लॉइड खाली आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"कोरडं झालं ना?"

"थोडंसं," मी म्हणाले. त्याच्याशी खोटं मी फक्त सॉसेजच्या बाबतीत बोलते.

पुढे कित्येक दिवस जेवताना त्याची दोन बोटं मनगटावर असायची. "काय शोधतोस?" मी विचारलं. म्हणाला, "घरातलं कुणीतरी न सांगता निघून गेल्यासारखं वाटतं." मला राग आला. त्या कुणीतरीने त्याला बर्फात बुडवलं होतं. पण त्या रात्री त्याच्या पाठीला कान लावला, आणि आत इतकं शांत होतं की मलाही जरा चुकल्याचुकल्यासारखं झालं.

मग फर्गसने घोडा घेतला. अख्खा नाही, चौथा हिस्सा, तीन खाटकांबरोबर. नाव ठेवलं प्राइम कट, मटणाच्या सगळ्यात चांगल्या तुकड्याचं. ईस्टरला तो घोडा आमच्याच मैदानावर धावणार होता, आणि फर्गस नवीन टोपी घालून कठड्याला टेकून उभा होता.

घोडे सुटले. प्राइम कट सुटलाच नाही. दार उघडल्यावर त्याने जरा इकडेतिकडे बघितलं, आणि मग सगळे कुठे चाललेत ते पाहायला निघाला. लॉइडने पुढच्या घोड्यांची नावं घेतली, एकदा, सभ्यपणे. आणि मग तो प्राइम कटवर आला तो हललाच नाही.

त्याने प्राइम कटची चाल सांगितली, त्याचा विचारी स्वभाव सांगितला, तो कठड्याजवळचं गवत कसं निरखतोय ते सांगितलं. मालक खाटीक आहे हे घोड्याला अजून कुणी सांगितलेलं दिसत नाही, असं म्हणाला. आवाज चढत गेला. तो घोडा शेवटच्या वळणावर पोचला तेव्हा बाकीचे घोडे मैदानातून बाहेर पडत होते आणि लॉइड एकट्या प्राइम कटसाठी शब्दांवर शब्द ओतत होता, कळेनासे झालेले, एकात एक घुसलेले. अख्खं मैदान कठड्यावर हात बडवत होतं. माझ्या अंगावर काटा आला. शर्यत कोण जिंकलं ते आजही मला माहीत नाही.

कमिटीचा सेक्रेटरी तणतणत वर निघाला होता. मी त्याच्या आधी पोचले. लॉइड कठड्याला धरून उभा होता, घामाघूम, तोंडभर हसत. मी त्याचं मनगट धरलं. नाडी भरभर चालली होती, पण ओळीत.

"कसं झालं?" त्याने विचारलं.

खालून फर्गस टोपी हलवत ओरडत होता. मला वाटलं शिव्या देतोय. नीट कान दिला तर म्हणत होता, "लॉइड, परत एकदा सांग ना ते, गवताचं."